समान अंतर कोठून मोजावे?

‘समान’ हा शब्द आपण सर्वच जण फार सहजपणे वापरतो. समान वाटा, समान वर्गणी, समान जबाबदारी, समान वागणूक. जणू समानता ही डोळ्यांना स्पष्ट दिसणारी वस्तू आहे आणि फूटपट्टी घेऊन कोणीही ती मोजून दाखवावी! परंतु फूटपट्टी प्रत्यक्ष हाती घेतली, की पहिलाच प्रश्न आडवा येतो: मोजायचे कोठून आणि कोठपर्यंत? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही आज मोठमोठ्या ग्रंथांकडे प्रथम न वळता एका वाद्याकडे वळणार आहोत. ते वाद्य आहे इलेक्ट्रिक बेस गिटार आणि प्रश्न आहे तिच्या चार तारांमधील अंतराचा.

आपल्या अनेक धर्मग्रामांतील गायकवृंदांना हे वाद्य अपरिचित नाही. पवित्र मिस्साच्या वेळी गायकांच्या मागे कोठेतरी उभा राहून एखादा तरुण ते वाजवीत असतो. त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही; पण तो वाजवायचा थांबला, की गाण्याच्या पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटते. ह्या वाद्याचा इतिहास तसा फार जुना नव्हे. पूर्वी खालचे स्वर वाजविण्यासाठी माणसाहून उंच असा डबल बेस लागे. तो वाहून नेणे अवघड, आणि त्याच्या गळ्यावर स्वरांच्या खुणा नसल्यामुळे नेमका सूर लावणे त्याहून अवघड. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, फुलर्टन गावी, लिओ फेंडर ह्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराने 1951 मध्ये ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. त्यावर धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, बसविल्यामुळे सूर अचूक लागू लागला; नावातील ‘अचूकता’ ती हीच. गंमतीची गोष्ट अशी, की फेंडर ह्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती. त्यामुळे वादकांचे म्हणणे ऐकून घेण्यावाचून त्यांना गत्यंतरच नव्हते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिची गरज पडणार आहे.

ह्या वाद्याला साधारणतः चार तारा असतात आणि त्या एका जाडीच्या नसतात. नेहमीच्या एका संचात सर्वांत बारीक तार सुमारे 1.14 मिलिमीटर जाड, दुसरी 1.65, तिसरी 2.16 आणि सर्वांत खर्जाची तार 2.67 मिलिमीटर. म्हणजे चौथी तार पहिलीच्या दुपटीहून जाड. हा भेद कोणाच्या लहरीने पडलेला नाही. खर्जाची तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते, तर बारीक तार 98 वेळा. सर्व तारांची लांबी सारखीच, सुमारे 864 मिलिमीटर, आणि ताणही फारसा वेगळा ठेवता येत नाही. तेव्हा खालचा स्वर हवा असेल तर तारेला वजन द्यावेच लागते. प्रत्येक तारेची जाडी तिच्या कामातून आलेली आहे.

ह्या तारा दोन टोकांना टेकतात. वरच्या टोकाला खाचा पाडलेली हाडाची किंवा प्लॅस्टिकची छोटी पट्टी असते, तिला ‘नट’ म्हणतात. खालच्या टोकाला ‘ब्रिज’ असतो; आपल्या तंबोऱ्याच्या भाषेत बोलायचे तर घोडी. नटपाशी तारा जवळ असतात, ब्रिजकडे जाताना त्या एकमेकींपासून दूर होत जातात. 1960 मध्ये आलेल्या ‘जाझ बेस’चा नट सुमारे 38 मिलिमीटर रुंद होता. समजा, अशा एका नटवर पहिल्या आणि चौथ्या तारेच्या मध्यबिंदूंत 30 मिलिमीटर अंतर आहे. आता मधल्या दोन तारा कोठे बसवाव्यात?

कोणीही म्हणेल, ह्यात काय अवघड आहे? तीसला तिनाने भागावे, दर 10 मिलिमीटरवर एक खाच पाडावी, झाले! प्रत्येक तारेचा मध्य पुढच्या तारेच्या मध्यापासून बरोबर 10 मिलिमीटर. ह्याहून अधिक समान ते काय असणार? परंतु वादकाचे बोट तारेच्या मध्यावर चालत नाही. ते दोन तारांच्या मधल्या मोकळ्या जागेत चालते. ती मोकळी जागा मोजून पाहिली तर चित्र बदलते. दोन बारीक तारांमध्ये सुमारे 8.6 मिलिमीटर जागा उरते, मधल्या दोन तारांमध्ये 8.1 आणि दोन जाड तारांमध्ये अवघी 7.6. जाड तारेने आपल्याच अंगाने आपल्या वाट्याची जागा खाल्लेली असते. शिवाय जाड तार कंप पावताना अधिक पसरते, म्हणजे जिला जागेची गरज जास्त तिलाच ती कमी मिळते.

ह्याउलट मोकळी जागा समान करावयाची असेल, तर प्रत्येक फटीला सुमारे 8.1 मिलिमीटर द्यावे लागतात. पण मग मध्यापासून मध्यापर्यंतची अंतरे असमान होतात: 9.5, 10 आणि 10.5. अनेक कारागीर नट घडविताना हीच दुसरी रीत पत्करतात. त्यासाठी खास पोलादी पट्टी मिळते, जिच्यावरील खुणा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमाने दूर दूर होत जातात. अजाण माणसाला ती पट्टी सदोष वाटेल. तिच्यावरील दोन खुणांमधील कोणतेही अंतर शेजारच्या अंतराशी जुळत नाही, आणि तरीही तिने आखलेल्या तारा बोटांना समान वाटतात.

तेव्हा ह्या दोहोंपैकी खरी समानता कोणती? आमच्या मते, दोन्ही खऱ्याच आहेत. पहिली रीत प्रत्येकाला जे दिले जाते ते मोजते. दुसरी रीत प्रत्येकापाशी जे उरते ते मोजते. दोन्ही बाजू ‘समान’ हाच शब्द उच्चारतात आणि म्हणूनच घराघरांतून, मंडळामंडळांतून ह्या शब्दावरून इतकी भांडणे होतात. भांडणारे दोन्ही पक्ष प्रामाणिक असतात. त्यांच्या फूटपट्टीचा आरंभबिंदू मात्र वेगळा असतो.

उदाहरणार्थ, वृद्ध आईच्या सांभाळाचा प्रश्न घेऊ. तीन भाऊ बसून ठरवितात: प्रत्येकाने चार चार महिने आईला ठेवून घ्यावे. बाराला तिनाने भागले, हिशेब चोख झाला. परंतु एका भावाचे घर प्रशस्त आहे आणि सून दिवसभर घरीच असते. दुसरा दोन खोल्यांत राहतो, नवराबायको दोघेही सकाळी साडेसहाची लोकल गाठतात, आणि घरात एक आजारी मूल आहे. चार महिने दोघांनाही सारखेच. पण ते चार महिने सरल्यावर एकाच्या घरात श्वास घ्यायला जागा उरते आणि दुसऱ्याच्या घरात उरत नाही. अशा वेळी दुसरा भाऊ चाचरत काही बोलू लागला, तर त्याला उत्तर मिळते, ‘सगळ्यांना सारखेच आहे ना?’ हे उत्तर खोटे नाही. तेच तर दुःख आहे. खोट्याला विरोध करता येतो. अर्ध्या सत्यापुढे माणूस निरुत्तर होतो. आणि ह्या साऱ्या मोजमापात आईला कोठे राहावेसे वाटते, हे बहुधा कोणी विचारीतच नाही.

मंदिराच्या दानपेटीपाशी बसून प्रभू येशूने केलेले मोजमाप आपणां सर्वांना ठाऊक आहे. श्रीमंतांनी पुष्कळ टाकले, विधवेने दोन क्षुल्लक नाणी टाकली, आणि तरी तिचे दान सर्वांत मोठे ठरले. हा प्रसंग आपण औदार्याचा धडा म्हणून ऐकतो, आणि तो तसा आहेही. परंतु त्यात मोजण्याच्या रीतीचाही धडा आहे. पेटीत काय पडले ते पाहणारे तेथे अनेक असतील. हातात काय उरले ते एकानेच पाहिले. सणाच्या वर्गणीचा आकडा सर्व कुटुंबांना सारखा लावताना आपण कोणत्या रीतीने मोजतो, हे प्रत्येक समितीने स्वतःला विचारावे.

येथपर्यंत आमच्याशी सहमत झालेल्या वाचकांना आता एक गंभीर आक्षेप ऐकावा लागेल, कारण तो ऐकल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आक्षेप असा: दिलेले मोजणे सोपे आहे, उरलेले मोजणे कठीण. दहा मिलिमीटर सर्वांना दिसतात. ‘गरज’ ही मात्र ज्याची त्याने सांगायची गोष्ट आहे. एकदा का गरजेप्रमाणे वाटायचे ठरले, की ज्याचा आवाज मोठा त्याची गरज मोठी होते. सत्तेच्या जवळ असलेला प्रत्येक जण स्वतःला जाड तार समजू लागतो. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात पहाटेपासून राबलेले मजूर कुरकुरले, ते उगाच नव्हे. त्यांची फसवणूक झाली नव्हती, ठरलेली मजुरी त्यांना मिळाली होती. पण नियम डोळ्यांदेखत बदललेला पाहिला, की मनात संशय शिरतोच. सरधोपट नियमाचा मोठा गुण हा, की तो कोणाचे तोंड पाहत नाही. अनेक ब्रिजवर तारांचे मध्य एकमेकांपासून सरळ 19 मिलिमीटरवर असतात, आणि तेथे ते खपूनही जाते. कारण 17 मिलिमीटरच्या फटीत एका मिलिमीटरचा फरक बोटांना फारसा जाणवत नाही. जेथे जागा ऐसपैस आहे तेथे साधा नियम पुरतो.

आमच्या मते उत्तराची किल्ली येथेच आहे. एका मिलिमीटरचा तोच फरक ब्रिजपाशी क्षुल्लक आणि नटपाशी जाचक ठरतो, कारण नटपाशी मुळातच जागा थोडी. ज्याच्या घरी मुबलक आहे त्याला समान आकड्याचा अन्याय कळतही नाही. तो त्याला ‘किरकोळ’ वाटतो. ज्याच्या घरी चणचण आहे त्याला तो रोज बोचतो. तेव्हा नियम कोठे पुरेसा आहे आणि कोठे नाही, हे ठरविण्याचा अधिकार ऐसपैस जागेत बसलेल्यांनी एकट्यांनी घेऊ नये.

अॅरिस्टॉटल ह्या ग्रीक तत्त्वज्ञाने आपल्या नीतिशास्त्राच्या पाचव्या भागात न्यायाचे दोन प्रकार सांगितले. नुकसानभरपाईच्या न्यायात बेरीजवजाबाकीची समानता चालते. तेथे माणूस कोण हे पाहायचे नसते. वाटपाच्या न्यायात मात्र प्रमाणाची समानता हवी. त्याच भागात पुढे तो लेस्बॉस बेटावरील गवंड्यांच्या एका पट्टीचा उल्लेख करतो. ती पट्टी शिशाची असे. ताठ न राहता ती दगडाच्या आकाराप्रमाणे वाकत असे आणि तरीही माप घेत असे. सामान्य नियम जेथे विशिष्ट प्रसंगाला अपुरा पडतो, तेथे नियमाच्या हेतूला धरून त्याची दुरुस्ती करणे, ह्याला तो एक श्रेष्ठ प्रकारचा न्याय म्हणतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस ह्यांनी ह्याच गुणाची गणना सद्‌गुणांत केली. नियम मोडण्याची ती पळवाट नव्हे. नियम करणारा स्वतः तेथे हजर असता तर त्याने काय केले असते, हे ओळखण्याची ती शहाणीव आहे.

परंतु वाकणाऱ्या पट्टीलाही मर्यादा आहेत, आणि त्या वाद्य आपल्याला फार स्पष्टपणे शिकविते. पहिली मर्यादा रुंदीची. गळ्याची रुंदी ठरलेली आहे. एका तारेला जागा द्यायची तर ती दुसऱ्या तारेकडून तरी घ्यावी लागते किंवा कडेकडून. कडेकडून फार घेतली, तर बाहेरची तार दाबताना फ्रेटवरून घसरून खाली पडते. म्हणजे ‘कोणाचेही न घेता सर्वांना जास्त देऊ’ असे आश्वासन देणारा माणूस एक तर गळ्याची रुंदी विसरलेला असतो किंवा कडेच्या तारेला विसरलेला असतो. समाजात कडेला कोण उभे आहे, हे आम्ही सांगावयास हवे काय?

दुसरी मर्यादा अशी, की सर्वच गोष्टी पुन्हा पुन्हा जुळविता येत नाहीत. ब्रिजवर काही प्रमाणात बदल शक्य असतो. जुन्या धर्तीच्या काही ब्रिजवर तार टेकण्याचा दंडगोल आटे पाडलेला असतो. तार सैल करून शेजारच्या आट्यात ठेवली, की ती थोडी सरकते. जर्मनीच्या शॅलर कंपनीच्या एका प्रकारात छोटी चाके आडव्या दांड्यावर फिरवून तार बाजूला नेता येते. नटची गोष्ट वेगळी. तेथे कानसीने एकदा खाच पाडली, की गेलेले हाड परत येत नाही. भुकटी आणि डिंक भरून केलेली डागडुजी ही डागडुजीच राहते. म्हणून जाणता कारागीर नटवर हात चालविण्यापूर्वी दहा वेळा विचार करतो. संसारातही नट आणि ब्रिज वेगळे ओळखता आले पाहिजेत. वर्गणीचा आकडा पुढील वर्षी बदलता येतो. लहानपणी एका मुलाला शिकविले आणि दुसऱ्याला, विशेषतः मुलीला, ‘पुढे पाहू’ म्हणून मागे ठेवले, तर ती खाच पुन्हा भरत नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. कोणी म्हणेल, तारा सरकविण्याचा एवढा खटाटोप कशाला? हाताने जुळवून घ्यावे. हे म्हणणे तुच्छ नाही. डेट्रॉइट शहरातील मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजविणारा जेम्स जेमरसन आपल्या 1962 सालच्या वाद्यावर उजव्या हाताच्या एकाच बोटाने तारा छेडीत असे, आणि तारा क्वचितच बदलीत असे. 1983 मध्ये तो वारला. आजही जगभरचे वादक त्याला गुरू मानतात. हात शिकतो, हात वाकतो, हात अडचणीतून शैली घडवितो. परंतु त्याच जेमरसनचे नाव कित्येक वर्षे ध्वनिमुद्रिकांवर छापले जात नव्हते, हेही त्याच इतिहासात आहे. जुळवून घेणे हा सद्‌गुण आहे, पण तो ज्याचा त्याने स्वीकारायचा सद्‌गुण आहे. मी जुळवून घेतो, असे म्हणणे थोरपणाचे. तू जुळवून घे, असे दुसऱ्याला सांगणे बहुधा सोयीचे. घरातील सुनेला, कार्यालयातील कनिष्ठाला, मंडळातील गरिबाला आपण सहनशीलतेचे धडे देतो, तेव्हा ब्रिजवरील फिरू शकणारे चाक आपल्याच हाती होते काय, हे आधी तपासावे.

मग करावे काय? चांगला कारागीर जे करतो तेच. प्रथम तो साध्या नियमाने आरंभ करतो. बाहेरच्या दोन तारा कडेपासून सुरक्षित अंतरावर बसवितो. मग मधल्या तारांच्या फटी पाहतो. प्रत्येक तार तिच्याखालील पिकअपच्या चुंबकांशी जुळते की नाही ते तपासतो, नाहीतर जागा मिळालेली तार ऐकूच येत नाही. नुसती जागा देऊन आवाज न देणे, हीही एक फसवणूकच आहे. एक तार सरकविली, की इतरांचा सूर पुन्हा लावतो, कारण एकीला स्पर्श केला की सर्वांवर परिणाम होतो. आणि शेवटी तो वाद्य वादकाच्या हाती देतो व गप्प राहून ऐकतो. लिओ फेंडर ह्यांचे बळ येथेच होते. ज्याला स्वतः वाजविता येत नाही, त्याने वाजविणाऱ्याला विचारले पाहिजे. ज्या घरात आपण राहत नाही, त्या घरात किती जागा उरते, हे त्या घरातल्या माणसांनाच ठाऊक.

तारा एकमेकींच्या फार जवळ आल्या, तर त्या एकमेकींवर आपटतात आणि स्वर खरखरतो. फार दूर गेल्या, तर हात पोहोचत नाही. दोन्ही टोके टाळून, प्रत्येकीला कंप पावण्याइतकी जागा आणि कोणालाही कडेवरून न पाडण्याइतकी काळजी, एवढे साधले तर आकडे थोडे कमीअधिक दिसले म्हणून बिघडत नाही. पुढच्या वेळी वाटप करावयास बसताना ‘प्रत्येकाला किती दिले?’ ह्या प्रश्नापाशी हिशेबाची वही मिटू नये. ‘प्रत्येकापाशी किती उरले?’ हा एक रकाना तीत आणखी आखावा, आणि तो भरण्यासाठी ज्याच्यापाशी सर्वांत कमी उरले आहे त्याला सर्वांत आधी बोलू द्यावे.